पाठ केलेली नजर

महाळुंग्याच्या ज्या कंपनीत मी चौदा वर्षं काढली, तिथे माझं काम भेगा शोधायचं होतं. गाडीचं पुढचं चाक स्टिअरिंगला जोडणारा एक लोखंडी भाग आमच्याकडे बनायचा. काळ्या पडद्यामागे, जांभळ्या दिव्याखाली तो चारी बाजूंनी फिरवून बघायचा. त्यावर ओतलेलं रसायन भेगेत शिरायचं आणि भेग केसाएवढी असली तरी हिरवी रेघ चमकायची. रेघ दिसली की लाल ट्रे, नाही दिसली की माझ्या नंबरचा शिक्का. साहेबांची सही एकवेळ चुकेल, माझा शिक्का चुकणार नाही, असं मी मोठ्या तोऱ्यात सांगायचे.

वर्षातून एकदा डोळे तपासायला माणूस यायचा. दरवर्षी तोच अक्षरांचा तक्ता, कॅन्टीनच्या त्याच भिंतीवर. नापास झालेली बाई पॅकिंगला जायची आणि वर सगळ्यांची कीव झेलायची. शेवटच्या दोन ओळी आम्हा बायकांना तोंडपाठ होत्या. आधी ती थट्टाच होती, डबा खाताना एकमेकींना विचारायचो. पण शेवटची दोन वर्षं मला त्या ओळी दिसेनाशा झाल्या आणि मी त्या म्हणून दाखवल्या. खरं वाटावं म्हणून मध्ये जरा अडखळले, डोळेही बारीक केले. दोन्ही वर्षी पास.

एका दुपारी शेजारच्या टेबलावरची बाई, तिथल्याच गावची, माझा शिक्का असलेला एक जॉब, म्हणजे तोच लोखंडी भाग, घेऊन आली.

"ताई, हितं रेघ हाय की वो. दिसली न्हाई व्हय?"

मला नुसतं हिरवट धुकं दिसत होतं. "दिवा मंद झालाय," मी म्हणाले. ती जॉब लाल ट्रेमध्ये ठेवून गेली.

गुडघ्यांचं निमित्त सांगून महिन्याभरात मी काम सोडलं. पण त्या धुक्यातून किती जॉब पुढे गेले, हा प्रश्न माझ्यामागे घरी आला आणि घरातच राहिला. चिंचवडला भाजीला गेले तरी उभ्या टेम्पोच्या पुढच्या चाकाशी वाकून बघायचे. नवऱ्याला वाटलं, हिला टेम्पो घ्यायचाय. मला भीती वाटत होती, सारखी, भर दिवसा.

पुढे मोतीबिंदूसाठी पिंपरीच्या एका दवाखान्यात गेले. तिथल्या डॉक्टरबाई डोळ्याच्या भिंगातल्या एका प्रथिनावर संशोधन करत होत्या. अल्फा क्रिस्टॅलिन त्याचं नाव. बाकीची प्रथिनं बिघडून एकमेकांना चिकटायला लागली की हे त्यांना आवरतं, त्या म्हणाल्या. भिंगाच्या गाभ्यात ते नव्याने बनत नाही, जन्मापासूनच्या साठ्यावर आयुष्य काढायचं. किती उरलंय हे प्रकाश टाकून नेमकं मोजता आलं, तर मोतीबिंदूची चाहूल आधीच लागेल. त्याला बळ देणारं औषध मिळालं, तर ऑपरेशनही टळेल.

"मिळालंय का?"

"अजून नाही. शोधतोय."

त्यांनी प्रयोगाच्या यंत्रावर बघितलं, माझ्या डोळ्यात ते फारच थोडं उरलं होतं. मी विचारलं, "दोन वर्षांपूर्वी मला दिसत होतं की नाही, हे तुमचं यंत्र सांगेल का?"

"यंत्र आजचं सांगतं. मागचं कळायला जुनी तपासणी लागते."

कंपनीतल्या डोळेतपासणीचे कागद पिशवीत होते. ते बघून त्यांचा चेहरा खुलला. "गेल्या वर्षापर्यंत नजर उत्तम! म्हणजे हे सगळं वर्षभरातच झालं. इतक्या झपाट्याने मोतीबिंदू होणारे पेशंटच आम्हाला हवेत." आणि त्या लिहायला लागल्या.

नजर उत्तम. कागदावर तसंच होतं. क्षणभर मीही ते खरं मानलं आणि इतकं हलकं वाटलं की डोळे भरून आले. पण त्यांचं पेन चालूच होतं. माझ्या थापेवर आता कुणाचं तरी औषध उभं राहणार होतं.

"बाई, ते लिहू नका. तक्ता मला पाठ होता."

त्यांनी ओळ खोडली. रागावल्या नाहीत. फक्त विचारलं, "मग तेव्हा तुम्ही तपासलेला माल?"

"गेला," मी म्हणाले.

ऑपरेशननंतर अर्ज लिहून कंपनीत गेले. माझा शिक्का नंबर, ती दोन वर्षं, सगळं त्यात होतं. क्वालिटीच्या साहेबांनी तो दोनदा वाचला आणि माझ्यासाठी चहा मागवला.

"ताई, कुठून तक्रार आलीये का? नाही ना? मग आता कशाला उकरून काढता? डोळे जपा." अर्ज त्यांनी घडी घालून माझ्याच हातात दिला. मी शिव्या खायला गेले होते. चहा पिऊन परत आले.

हल्ली तळेगाव-चाकण रस्त्यावरच्या अपघाताची बातमी पेपरात आली की गाडी कुठल्या कंपनीची होती ते मी आधी बघते. ते अगदी बारीक अक्षरांत असतं. आता मला ते चष्म्याशिवाय वाचता येतं.