ठमीची मध्यस्थी

मुलांनो, रुग्णाच्या बोलण्यावर काडीचा विश्वास न ठेवणारा डॉक्टर मी आयुष्यात एकच पाहिला. तो म्हणजे तुमच्या आजोबांचा मावसभाऊ. तुमची आई तेव्हा शाळेत होती आणि अंधेरीच्या आमच्या घरातला टीव्ही नुकताच रंगीत झाला होता. समोरच्याच दारात हे भाऊजी आणि त्यांचे वडील, म्हणजे आमचे काका, राहत असत. भाऊजी जनावरांचे डॉक्टर. सकाळी जोगेश्वरीच्या तबेल्यांतल्या म्हशी, संध्याकाळी घरोघरची कुत्री-मांजरं. ते आले की त्यांचे गमबूट मी जिन्यातच काढून ठेवायला लावी आणि खुर्चीवर जुनं वर्तमानपत्र अंथरी. त्यांना त्याचं काही वाटत नसे. उलट बसल्या बसल्या वाकून ते वर्तमानपत्र वाचत.

पेशंट बोलत नाही, तेव्हा मालकाला विचारायचं, ही सवय त्यांच्या अंगात इतकी मुरली होती की माणसांनाही त्यातून सुटका नव्हती. एकदा मला सपाटून ताप आला. भाऊजींनी माझ्याकडे एक नजर टाकली आणि तुमच्या आजोबांना विचारलं, "दादा, खाणं कसं आहे? पाणी पितात का? कोपऱ्यात जाऊन बसतात का?"

"भाऊजी, मला तोंड आहे," मी म्हटलं.

"मग तेच उघडा जरा," असं म्हणत त्यांनी खिशातून थर्मामीटर काढला. तो आधी कुठे कुठे जाऊन आला असेल ते लक्षात येऊन मी ओठ घट्ट मिटून घेतले. "अंगात जोर आहे, काळजी नको," असं तुमच्या आजोबांना सांगून ते निघून गेले.

जुहूला भेळ खायला नेलं, तर भाऊजी वाळूत फतकल मारून एका घोड्याचा खूर मांडीवर घेऊन बसले. घोडेवाला म्हणत होता, "साब, एकदम मस्त है घोडा." भाऊजींनी विचारलं, "तो ठीक है. पण सकाळपासून हा पाय टेकत नाही ना?" घोडेवाल्याने थोडे आढेवेढे घेतले आणि मग कबूल केलं. खुरात रुतलेला शंखाचा तुकडा निघेपर्यंत आमच्या भेळेचा लगदा झाला होता.

पण हे कसब भाऊजींनी कॉलेजात नव्हे, घरी कमावलं होतं. काकांना मुलगा माणसांचा डॉक्टर व्हायला हवा होता. मार्कही तेवढे होते. तरी भाऊजींनी आपण होऊन जनावरांच्या कॉलेजात नाव घातलं, आणि त्या दिवसापासून काकांनी मुलाशी अबोला धरला. काकू होत्या तोवर निरोप त्यांच्यामार्फत जात. त्या गेल्यावर ते काम त्यांच्या मांजरीकडे, ठमीकडे आलं. काका पेपरातून डोकं न काढता म्हणत, "ठमे, गिरणीतून दळण आणायचंय म्हणावं." पलीकडून भाऊजी म्हणत, "ठमे, आणून ठेवलंय म्हणावं." ठमी दोघांकडे आळीपाळीने बघे आणि पंजा चाटत बसे.

"वहिनी, न बोलणाऱ्यांशी माझं बरं जमतं," भाऊजी एकदा मला म्हणाले. "एवढी एकच केस काही हाती लागत नाही." ते हसत होते, पण पुढ्यातला चहा तसाच निवून गेला होता.

आणि एक दिवस ठमीने खाणं सोडलं. भाऊजी आमच्याकडे चहा घेत होते. काका तिला काकूंच्या जुन्या पातळात गुंडाळून दारात उभे राहिले आणि माझ्याकडे बघत म्हणाले, "सूनबाई, त्याला सांग, जरा हिला बघ म्हणावं."

"माझं दूध उतू जातंय," असं म्हणून मी आत गेले. दूध फ्रीजमध्ये होतं.

बाहेर भाऊजींनी सवयीने विचारलं, "कधीपासून खात नाही?"

 मग काकांचा आवाज आला, "ठमे, सांग त्याला..." आणि ते तिथेच थांबले. सांगणारीच तर आजारी होती.

"परवापासून," काका म्हणाले. एकदा बांध फुटल्यावर मग सगळंच आलं. बशीपाशी जाते आणि परत फिरते, लाळ गळते, पंजाने सारखं तोंड घासते. "बरी होईल ना रे?"

"घट्ट धरा, बाबा."

वरच्या दातांमध्ये बांगड्याचा काटा आडवा अडकला होता. तो निघेपर्यंत ठमीने बापलेकांचे हात सारखेच ओरबाडले.

दुसऱ्या दिवशी पुन्हा अबोला. पण काका पेपराआडून म्हणाले, "ठमे, डॉक्टरांना विचार, मासे चालतील का." डॉक्टर हा शब्द त्यांनी भाऊजींसाठी प्रथमच वापरला होता. भाऊजींनी तो माझ्याकडे येऊन तीनदा म्हणून दाखवला.

पुढे काही वर्षांनी ठमी म्हातारी होऊन गेली. इतकी जनावरं डोळ्यांदेखत जाताना पाहिलेले भाऊजी, पण ठमी गेली तेव्हा भिंतीकडे तोंड करून बसले. मी जेवणाचं ताट घेऊन गेले, तर त्यांनी मान हलवून नको म्हटलं. काकांनी त्यांच्याकडे एक नजर टाकली आणि मला विचारलं, "सूनबाई, कधीपासून खाल्लं नाही यानं?"

"कालपासून," मी म्हटलं.

काकांनी आमटीभात कालवला, घास उचलला आणि थेट मुलाला म्हणाले, "तोंड उघड."

भाऊजींनी तोंड उघडलं.

आता काका नाहीत आणि भाऊजीही थकले आहेत. तिकडून तुम्ही फोनवर म्हणता, "आजी, मी वेळेवर जेवतो, अगदी मजेत आहे." मी ऐकून घेते आणि मग फोन आईकडे द्यायला सांगते, तो मालकाला विचारण्यासाठीच.