उन्हाची आगोट

मी कॉलेजात अर्थशास्त्र शिकवते. आमच्या घरात त्याचा आजवर कोणाला उपयोग झालेला नाही. 'बाजाराच्या बळावर सौरऊर्जा घरोघरी पोचेल का?' हा प्रश्न मी दरवर्षी वर्गात घालते. मुलं गाइडातलं उत्तर लिहितात, मी मार्क देते आणि सगळे सुखी असतात. मग एकदा तो प्रश्न आमच्याच छपरावर येऊन बसला.

कारण बाबांची छाती. बाबांची सगळी नोकरी अलोऱ्याला, कोयनेच्या विजेत गेली. निवृत्तीनंतर आईबाबांनी पूर्णगडच्या बाजूला गावी घर बांधलं. तिथे पावसात भिंतींनाही घाम फुटतो आणि बाबांना ओल सोसत नाही. डॉक्टरांनी खोली कोरडी ठेवायला सांगितली, म्हणून मी हवेतली ओल शोषून घेणारं मशीन आणून दिलं. मी घरात असेपर्यंत ते चालायचं. मी रत्नागिरीला परतले की आई बंद करायची, कारण वाढणारं बिल तिला बघवत नाही. बाबा खोकत बसायचे आणि मला फोनवर सांगायचे, "मस्त चाललंय." त्या पावसाळ्यात त्यांना दवाखान्यात ठेवावं लागलं, तेव्हा काय मस्त चाललंय ते मला कळलं.

बिलाचीच भीती ना, मग बिलच घालवू, असं मी ठरवलं आणि सोलर विकणाऱ्याला बोलावलं. त्याने आईची बिलं चाळली आणि हसून म्हणाला, "काकू, तुमचं बिल फारच कमी आहे. तुम्हाला परवडणार नाही. एसीवाल्या घरांना हे बरोबर बसतं." जन्मभर दिवे मालवत आलेल्या आईला हा अपमान वाटला. मला मात्र अख्खा धडा समोर उभा दिसला. जो वीज उधळतो त्याच्या दारी बाजार आपण होऊन येतो, जपून वापरणाऱ्याने त्याच्या मागे धावायचं. मी धावले. अनुदानासाठी खेटे घातले, आणि दिवाळीच्या सुमाराला पॅनल एकदाची छपरावर चढली.

"उन्हात जास्त झालेली वीज तारेत जाते," मी आईला समजावलं. "तिचे युनिट आपल्या नावावर जमा होतात. ते पावसात वापरायचे."

"म्हणजे आगोट," आई म्हणाली.

पावसाचे चार महिने पुरतील एवढे कांदे, सुकी मासळी, पापड, लाकडं उन्हाळ्यातच भरून ठेवायची, ती आमची आगोट. आईने नेमकं बोट ठेवलं होतं. मी दुसऱ्याच दिवशी तो शब्द वर्गात वापरला आणि मुलांनी पहिल्यांदा माना वर केल्या.

पण पाऊस लागेपर्यंत आगोटीला हात लावायचा नसतो. आईने थंडीभर मिक्सर सोडून पाटा धरला आणि पंखा लावणाऱ्या पाहुण्यांना चक्क सांगितलं, "ह्यांच्या पावसाची आगोट आहे ती." बाबा म्हणायचे, "आमच्या धरणातसुद्धा पाणी एवढं जपून ठेवत नव्हते." तिने लक्ष दिलं नाही.

एप्रिलात बिल आलं आणि जमा युनिटांच्या जागी शून्य. मार्चअखेर वर्षाचा हिशेब मिटवून उरलेल्या युनिटांचे किरकोळ पैसे बिलात वळते केले होते. नियमाप्रमाणे सगळं ठीक होतं. वर्ष मार्चला संपतं असं देशाने ठरवलंय, आमच्याकडे ते पाऊस लागताना संपतं.

"आगोट कोणी उचलली?" आईने विचारलं. ती रागावली असती तर बरं झालं असतं. तिचा चेहराच उतरला. "ह्यांची होती ती," एवढंच म्हणाली.

बाबा तिच्याजवळ जाऊन बसले. आयुष्यभर विजेत राहिलेला माणूस, त्यांनी तिला हळूच सांगितलं, "वीज काय लांब जात नाही. तारेवर पहिलं घर काकींचं. आपल्या उन्हावर त्यांची घरघंटी फिरली असेल." शेजारच्या काकी घरघंटीवर अख्ख्या वाडीचं पीठ दळून देतात. आई पदर खोचून उठली आणि काकींना सांगायला गेली. येताना ज्वारीचं पीठ घेऊन आली.

एप्रिल-मेच्या उन्हात तिने पुन्हा आगोट भरली. पाऊस लागला तसं मशीन सुरू झालं. गणपतीला मी घरी गेले तेव्हा युनिट संपले होते, आणि दुपारी बघते तर मशीन बंद. मी बिल भरते म्हटलं, भांडले, आईने ऐकलं नाही. आत बाबा आवाज होऊ नये म्हणून उशीत तोंड घालून खोकत होते. मला दोघांचाही राग आला आणि दोघांवरही जीव.

तेवढ्यात काकी मोदकांची पिठी घेऊन आल्या. "मशीनचा आवाज नाय गो आज?"

"आगोट संपली," आई म्हणाली.

काकी तशाच परत गेल्या आणि छत्री घेऊन आल्या. हातात प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला एक्स्टेन्शन बोर्ड आणि मागे दोन घरांमधल्या दगडी गडग्यावरून त्यांच्या घरापर्यंत गेलेली वायर. "थंडीभर तुझी वीज माझ्याकडे आली म्हणालीस ना? मग आता माझी घे. मीठ संपलं की मागतेस, तेव्हा लाजतेस काय?"

आतून बाबा ओरडले, "अहो, वायर भिजत्येय! आमच्याकडे असं कोणी केलं असतं तर साहेबाने घरी बसवलं असतं." आणि हसता हसता त्यांना मोठी उबळ आली.

आई उठली. "काकी, आवरा ती वायर. लावत्ये मी," म्हणाली आणि भिंतीवरचं बटण दाबलं. त्या दिवसानंतर पाऊस जाईपर्यंत ते बटण तिने बंद केलं नाही.

संध्याकाळी मशीनच्या डब्यात पाणी भरलं. आई तो दोन्ही हातांनी धरून अंगणात ओतायला निघाली आणि माझ्यापाशी थांबली.

"बघ," ती म्हणाली. "हे सगळं ह्यांच्या छातीत गेलं असतं."