चाळीस सेकंदांची नोंद

माझा स्वभाव क्षमाशील नाही, हे आधीच सांगते. डूख धरायला मला फार मोठं कारण लागत नाही, आणि त्या माणसाने तर भरपूर कारणं दिली होती.

कशेळीच्या एका गोदामात मी सर्व्हर सांभाळायचे आणि तो माझा वरिष्ठ होता. मी मराठी शाळेतली, जवळच्या कोन गावातून येणारी. सर्व्हरच्या चेसिसला, म्हणजे बाहेरच्या पेटीला, चुकून 'डबा' म्हटलं की तो सगळ्यांदेखत हसायचा. "अगं, शब्द तरी नीट शीक!" शब्द त्याला तोंडपाठ होते: रॅक, रेड, हॉट-स्वॅप, फर्मवेअर. अर्थांशी त्याचं विशेष येणंजाणं नव्हतं.

फर्मवेअर म्हणजे यंत्राच्या अंगातच मुरवलेली समज. बाकी सगळं सुरू व्हायच्या आधी यंत्राला जागं करते ती. ती बदलत असताना वीज तोडली, तर यंत्र पुन्हा उठेलच असं नाही. एका बुधवारी दुपारी मी मुख्य सर्व्हरवर नवं फर्मवेअर चढवायला घेतलं होतं. तेवढ्यात गेटवर नव्या डिस्क आल्या आणि त्यावर सही माझीच लागणार होती. जाताना त्याला म्हटलं, "सर, फर्मवेअर चढतंय. स्क्रीन बराच वेळ हलणार नाही. हात लावू नका."

"मला नको शिकवूस," तो म्हणाला.

परत आले तर पंखे घोंघावत होते आणि स्क्रीन काळी पडली होती. मी काही विचारायच्या आत तो गोदामाच्या मोठ्या साहेबांच्या केबिनमध्ये होता. "हिने चुकीचं फर्मवेअर टाकलं. बोर्ड गेला." चोराच्या उलट्या बोंबा. सर्व्हरविना माल निघेना, बाहेर ट्रकांची रांग लागली, आणि संध्याकाळी माझ्या हातात नोटीस पडली: सोमवारच्या मीटिंगमध्ये खुलासा द्या, नाहीतर नोकरी संपली. कशेळीतल्या दुसऱ्या कुठल्याही गोदामात मग मला कुणी यंत्राजवळ उभं केलं नसतं.

पण सर्व्हरच्या बोर्डावर एक वेगळी मॅनेजमेंट चिप असते. सर्व्हर मेला तरी ती जिवंत राहते आणि काय घडलं ते वेळेसकट लिहून ठेवते. ती नोंद मी घरी जाण्याआधीच कागदावर छापून काढली. पॉवर सप्लाय दोन, वीज बंद. चाळीस सेकंदांनी पॉवर सप्लाय एक, वीज बंद. अपडेट अपूर्ण.

मला सगळं डोळ्यांपुढे दिसलं. तो निजामपुऱ्यातल्या लूमवाल्यांच्या, यंत्रमाग चालवणाऱ्यांच्या घरातला. लूम अडकला की खटका पाडायचा आणि पुन्हा चालू करायचा, हे त्याच्या हाडीमासी भिनलेलं. सर्व्हरला वीज दोन पॉवर सप्लायमधून मिळते; एक वायर ओढून तो बंद होईना, म्हणून त्याने दुसरीही ओढली होती आणि मग दोन्ही परत लावल्या होत्या.

तो कागद मी तेव्हाच साहेबांना दाखवू शकले असते. नाही दाखवला. मला त्याला नुसतं खोटं पाडायचं नव्हतं, चारचौघांत पाडायचं होतं. सोमवारपर्यंत मी मूग गिळून बसले, आणि खरं सांगते, ते मूग मला गोड लागले.

मीटिंगला हेड ऑफिसचे लोकही होते. मी कागद त्याच्यापुढे सरकवला. "सर, शब्द तुम्हाला चांगले येतात. तुम्हीच वाचा."

त्याने मोठ्याने वाचायला घेतलं. दुसऱ्या ओळीनंतर कागद खाली ठेवला. साहेबांनी गेटचं रजिस्टर मागवलं. त्याच वेळेपुढे माझी सही होती. "मग खोलीत कोण होतं?" साहेबांनी विचारलं.

"अडकलं होतं, साहेब," तो म्हणाला. "मला वाटलं..."

पुढचं कुणी ऐकून घेतलं नाही. त्याच संध्याकाळी त्याला राजीनामा लिहायला लावला. पार्किंगमध्ये त्याने मला गाठलं, डोळे लाल झालेले. मला तेव्हाही दया आली नाही.

"पाच दिवस तुझ्याकडे हा कागद होता," तो म्हणाला. "मला एकदा तरी सांगायचंस."

"पाच दिवस तुमच्याकडेही होते, सर."