दाढदुखीची रजा

आमच्या पेट्रोलपंपाला लागून खाणावळ आहे. डेल्मा प्रीडो तिथं स्वयंपाक करायची आणि मी गल्ल्यावर बसायचे. ऑस्ट्रेलियातल्या नलार्बरच्या माळावर शेजारी म्हणजे पुढचा पंप, तोही गाडीनं दोन-अडीच तासांवर. मालक कीथ तसा वाईट नव्हता. पण कुणी काम सोडायच्या विचारात आहे असा वास जरी आला, तरी तो त्या माणसाशी बोलणंच टाकायचा. तसल्या उजाड जागी बोलायला कुणी नसलं की डोकं फिरायला वेळ लागत नाही. म्हणून पश्चिमेकडच्या पंपावर स्वयंपाकीण हवी आहे असं कळलं, तेव्हा डेल्मानं फोन केला तो पाण्याच्या टाकीमागं जाऊन. मलाही तिनं पत्ता लागू दिला नाही.

कीथला म्हणाली, दाढ ठणकतेय, सेड्युनाला जाऊन येते. सेड्युना हे गाव पूर्वेला. आमच्या देखत ती पूर्वेला गेली, आणि नजरेआड झाल्यावर जुन्या कच्च्या वाटेनं वळसा घालून पश्चिमेला लागली.

तिथली मालकीण आयोना, सत्तरीची, हळू बोलणारी. अनुभव किती, पगार किती, काही विचारलं नाही. हातात एप्रन दिला आणि बांधून बघ म्हणाली. मग मागची खोली दाखवली. बिछान्यावर कुणीतरी नुकतंच उठून गेल्यासारखा खळगा होता. उशाशी अर्धा प्यालेला पाण्याचा ग्लास, खाली चपला.

आधीची बाई कुठं गेली, असं डेल्मानं विचारलं.

"गेली म्हणजे काय, जाताना कुणी पाहिलंच नाही," आयोना म्हणाली. "रस्सा चुलीवर तसाच होता. गाडी पण मागं उभी आहे."

खिडकीतून ती गाडी दिसत होती. काचांवर लाल धुळीचा थर होता.

"मग तिच्या घरच्यांनी शोध नाही घेतला?"

"इथं कशाला घेतील? तीही दाढेचंच सांगून आली होती."

दाढेचं डेल्मानं या बाईला सांगितलंच नव्हतं.

आयोनानं तिच्या पाठीमागचं दार अलगद लोटलं. "तू इथं आलीयस हे कुणाला ठाऊक आहे, पोरी?"

"सगळ्यांना," डेल्मा म्हणाली.

"नाही गं. हातात काम असताना दुसरं शोधणारं माणूस कुणाला सांगत नाही."

एवढ्यात बाहेर मालट्रक थांबला, ड्रायव्हरनं डिझेलसाठी हॉर्न वाजवला. आयोनानं मान वळवली, तेवढ्यात डेल्मा तिच्या बाजूनं निसटली. पळाली नाही, चालतच आपल्या गाडीपर्यंत गेली. पळाले तर काहीतरी मागं लागेल असं वाटलं, असं ती मला म्हणाली.

ती आमच्या स्वयंपाकघरात शिरली तेव्हा तो एप्रन अंगावर तसाच होता.

कीथनं एप्रनकडे बोट दाखवलं. "हा कुणाचा?"

मग तिनं सगळं सांगितलं, नोकरी शोधत होते हेही. आता हा तोंड फिरवणार, असं मला वाटलं. त्यानं तिला खुर्ची दिली, चहा ठेवला आणि पोलिसांना फोन लावला.

गाडी खरोखरच एका बेपत्ता बाईची निघाली. घरचे तिला पार पर्थ शहरात शोधत होते. त्यापलीकडे आजवर काहीच हाती लागलेलं नाही. डेल्मा पुढं सेड्युनातल्या एका शाळेच्या स्वयंपाकघरात लागली. तिच्यासाठी शब्द टाकला तो कीथनंच. पण तिला एकटीला खोलीत झोपवत नाही, म्हणून बहिणीकडे राहते.

चौकशीला गेलेला हवालदार नंतर आमच्याकडे जेवायला थांबला होता. त्यानं जेमतेम दोन घास खाल्ले. म्हणाला, म्हातारीनं प्रत्येक प्रश्नाचं नीट उत्तर दिलं, खोल्या उघडून दाखवल्या, केक दिला. आणि मी निघताना विचारलं, तुझ्या ओळखीत कुणी स्वयंपाक येणारी आहे का?