न दिसणारा सांधा

खालच्या मजल्यावरचे भाई बायकामुलांना घेऊन कायमचे मस्कतला निघाले, तेव्हा त्यांची माशांची काचपेटी आमच्याकडे आली. कोपऱ्यांतून गळणारी, काचांवर पाण्याचे पांढरे पट्टे धरलेली. आली म्हणजे मीच मागून घेतली. फुकट म्हटलं की माझी अक्कल दाराबाहेर चपलांपाशी बसते.

बायकोने विचारलं, कशाला? मी म्हटलं, बाबांसाठी. त्यांना बघायला काहीतरी होईल.

बाबा हमरापूरचे. जन्म गणपतींच्या कारखान्यात गेला. खुब्याचं हाड मोडलं म्हणून त्यांना रोह्याला, नदीपलीकडे अष्टमीत, आमच्या तिसऱ्या मजल्यावर आणलं होतं. हंगाम तोंडावर आला तसे ते परत जायचं म्हणू लागले. पण तिकडे पलंगाएवढी जागा कुठली? भावाने फोनवर सांगितलं, रांधपाच्या खोलीतही मूर्ती हायत, आम्ही उभ्याने जेवतो. तेव्हा बाबा पलंगावर, पुढे खिडकी, खिडकीला गज आणि गजांपलीकडे शेजारच्या इमारतीची भिंत.

मी पेटी व्हिनेगरने घासली, जुना सिलिकॉन पातीने खरवडला, आतल्या कोपऱ्यांतून नवा भरला, पेटी पलंगाला लावून ठेवली आणि शिफ्टला गेलो. आलो तर बाबा उशीला टेकून बसलेले, हातात माझीच पाती.

"आता दाखव सांधा कुठं हाय तो," म्हणाले.

खरंच दिसत नव्हता. मूर्ती साच्यातून निघाली की दोन भागांची जोडरेघ अंगावर उठून दिसते. ती तासून, पॉलिशपेपर मारून नाहीशी करायची, हे आमच्या घरात लहानपणापासून हाताला लागलेलं. त्याच हाताने बाबांनी आतला सगळा सिलिकॉन काचेशी सपाट होईपर्यंत तासून टाकला होता. मीही त्याच घरचा, म्हटलं, झकास. पाणी ओतलं. ते चारही कोपऱ्यांतून सारखंच बाहेर आलं, कुठल्या कोपऱ्यावर अन्याय नाही.

बाबांना समजावलं, ती जाड रेघ म्हणजेच पाणी अडवणारा बांध. त्यांनी मान हलवली. मी पुन्हा भरला. शिफ्टहून आलो तर पुन्हा तासलेला. बेढब दिसत होता म्हणे. मग हाच धंदा झाला. कंपनी, बाजार, सिलिकॉन, फडकं. पेटी टाकून द्यावी तर बाबा विचारत, ठेवावी तर मला सुटका नाही. बायको म्हणाली, माशांआधी तुम्हीच अडकलात.

शेवटी पाती लपवली. सांधा वाळला, पाणी भरलं, थेंब गळला नाही. मी नाक्यावरच्या दुकानात सोनेरी मासे बघूनही आलो. बाबांनी भिंतीकडे तोंड केलं. चहा तसाच गार झाला. संध्याकाळी बायकोने बाजूला बसून विचारलं, काय दुखतंय का?

"नाय गो," ते म्हणाले. "पाणी भरलं. आता मी काय करू? पडून मासे बघू?"

मी दारात उभा होतो. तिकडे हमरापुरात सगळ्यांचे हात रंगात, आणि हा माणूस इथे रिकाम्या हातांनी. जागा नाही म्हणून त्यांना नेता येत नव्हतं, आणि ते परत परत सांगायचं धाडस माझ्यात उरलं नव्हतं.

सकाळी कंपनीत जायच्या आधी पेटी रिकामी केली आणि एका कोपऱ्यात पाती फिरवली. इतकं मन लावून मी एकही कोपरा भरला नव्हता. आल्यावर बाबांना म्हटलं, जरा बघता का, गळतंय वाटतं.

त्यांनी सांध्यावरून बोट फिरवलं. बोट थांबलं.

"इथं सुटलंय. कोणी भरलं रं हे?"

"मीच."

"तरीच. कंपनी चालते कशी तुमची? पाती आण."

बायकोने पलंगावर जुनी चादर अंथरली. मी पूल ओलांडून रोह्याच्या बाजारात गेलो. दुकानदाराने मला येताना पाहिलं आणि काही न विचारता सिलिकॉनची नळी काढून ठेवली.