नणंदेला खांदा

शिट्टीबाईच्या तोंडाला लागू नये, असं गावात सगळेच म्हणायचे. प्रवाशांना अंधारात ज्वालामुखीच्या काठापर्यंत चढवायचं, उगवता सूर्य दाखवायचा आणि ऊन तापायच्या आत धड खाली आणायचं, हे तिचं काम. गळ्यात शिट्टी. कोणी वाट सोडून जरा इकडेतिकडे गेलं की आधी शिट्टी वाजायची आणि मग तिचं तोंड. "फोटो नंतर काढा. आधी पाय कुठे पडतोय ते बघा," ती म्हणायची, आणि तेही खाटकाला शोभेल अशा आवाजात. लॉजवाला पाहुण्यांना आदल्या दिवशीच सांगून ठेवायचा, "बाई फटकळ आहे. पण जेवढी माणसं नेते तेवढी परत आणते. मनावर घेऊ नका."

ती जन्मतःच अशी नव्हती. लग्न होऊन दूरच्या शहरात गेली तेव्हा तिचा आवाज शेजारच्या खोलीतही जात नसे. शिलाई मशीन दुरुस्त करायच्या दुकानामागे दोन खोल्या, तिथे तिचा संसार. नवरा गरीब गाय. दिवसभर मशीनं उघडून बसायचा आणि तेलकट हातांनी जेवायला यायचा. घरात राज्य होतं थोरल्या नणंदेचं. स्वतःच्या नवऱ्याशी पटलं नाही म्हणून ती माहेरी येऊन बसली होती आणि भावजयीच्या डोक्यावर मिरे वाटत होती. भाजीत मीठ किती, पाणी उकळलं का, झोपायला किती वाजता जायचं, सगळं तिच्या हुकमानं.

मूल होईना. शेवटी नणंद दोघांना घेऊन डॉक्टरकडे गेली. तपासण्या झाल्या. निकालाच्या दिवशी हिला बाहेर बाकावर बसवून भाऊ-बहीण आत गेले. बाहेर आल्यावर नणंद म्हणाली, "दोष तुझ्यात आहे." नवरा चपलांकडे बघत उभा होता. त्यानंतर घरात हिच्याशी कोणी धड बोललं नाही, आणि एके दिवशी बाजारातून परत आली तर हिची ट्रंक दुकानाच्या पायरीवर ठेवलेली.

माहेरी आईवडील नव्हते. भाऊ होता आणि वहिनी होती. त्यांनी मागची खोली दिली, जिथे कांद्याची पोती आणि मोडक्या खुर्च्या ठेवायचे. खोली दिली पण घर काही दिलं नाही. वहिनीच्या बाळंतपणात हिला आत पाऊल टाकू दिलं नाही. "तिचा हात लागायला नको बाळाला," वहिनी भावाला सांगत होती, आणि भिंत पातळ होती. पुढे भांडण कशावरूनही निघो, दुधावरून, कपडे वाळत घालायच्या दोरीवरून, शेवट ठरलेला असायचा: "तुम्हाला स्वतःला झालं असतं म्हणजे कळलं असतं."

डोंगराचं काम तिनं धरलं ते डोंगराच्या प्रेमानं नव्हे. वहिनी उठायच्या आत घराबाहेर पडायला मिळत होतं, म्हणून धरलं. आधी लोकांच्या पिशव्या वाहिल्या, मग वाट पाठ झाली, मग शिट्टी आली. आणि आवाजही आला.

त्या दिवशी पायथ्याशी गाडीतून माणसं उतरली. एक नवं जोडपं, एक फोटोवाला, आणि एका तरुण मुलीबरोबर काठी घेतलेली जाडजूड बाई. काळोख होता. शिट्टीबाईनं तोंडाला फडकं गुंडाळलेलं, कपाळावर दिवा. ती एकेकाच्या बुटांच्या नाड्या बघत पुढे सरकत होती, तेवढ्यात ती बाई म्हणाली, "बरोबरचं पाणी उकळलेलं आहे ना?"

शिट्टीबाईचा हात नाडीवरच थांबला. हा प्रश्न, याच चढ्या सुरात, तिनं संसारात रोज ऐकला होता. केस पांढरे झाले होते, गाल लोंबत होते, पण आवाजाला म्हातारपण शिवलं नव्हतं.

"उकळलेलं आहे," ती म्हणाली आणि चालू लागली.

त्या दिवशी ती जरा जास्तच वेगानं चालली. वाट काळ्या राखेची. पाय ठेवावा तर निम्मा मागे घसरतो. मागून नणंदेच्या तोंडाचा पट्टा सुरू होता: दिवा अंधूक आहे, काठी आखूड आहे, असल्या वाटेला पायऱ्या करायला काय होतं. मग ती मोठ्यानं म्हणाली, "अहो बाई, वरती कुणी मेलंय का, एवढं पळायला?"

"अजून नाही," शिट्टीबाई म्हणाली. फोटोवाला हसला. ती थट्टा करत नव्हती.

अर्ध्या वाटेवर दगडी निवारा आहे. तिथे सगळे टेकले. नणंद कोपऱ्यात धापा टाकत बसली. मुलगी मात्र शिट्टीबाईजवळ येऊन बसली आणि तिनं बिस्किटांचा पुडा पुढे केला.

"आत्याचं मनावर घेऊ नका हं. ती घरीपण अशीच आहे. बाबांना तर तोंडच उघडू देत नाही."

"बाबा काय करतात?"

"शिलाई मशीनचं दुकान आहे आमचं."

म्हणजे त्याला मुलगी झाली. शिट्टीबाईनं मान वळवली आणि दिव्याचा झोत मुलीच्या चेहऱ्यावर पाडला. नाक कुणाचं, हनुवटी कुणाची, ती शोधत राहिली. मुलगी डोळे बारीक करत मागे सरली.

"वडिलांवर नाही गेलीस," शिट्टीबाई म्हणाली.

"कशी जाईन? मला दत्तक घेतलंय. रांगतसुद्धा नव्हते तेव्हा." मुलगी सहज बोलत होती, लपवण्यासारखं काही नसल्यासारखी. "बाबांना मूल होणं शक्यच नव्हतं. आईशी लग्न व्हायच्या आधीच डॉक्टरांनी सांगितलं होतं म्हणे, पण आईला कोणी पत्ता लागू दिला नाही. तिला कळलं तेव्हा तिनं घर डोक्यावर घेतलं. मामा आले होते. आमचे मामा चांगले दांडगे आहेत. मग आत्यानंच दत्तकाचं काढलं."

शिट्टीबाईच्या तोंडात बिस्कीट तसंच राहिलं. दांडगे भाऊ, एवढाच काय तो फरक. तिचा भाऊ त्या वेळी घ्यायला आला होता तो मान खाली घालून, आणि ट्रंक उचलताना नणंदेची माफी मागून निघाला होता.

ती उठली आणि तिनं शिट्टी फुंकली. अजून कुणाचं पाणीही पिऊन झालं नव्हतं.

काठावर पोचले तेव्हा पूर्वेला लाल रेघ उमटली होती. खाली विवरातून धूर वर येत होता आणि गंधकाचा वास नाकात शिरत होता. सूर्य वर आला तसा तो धूरही तांबूस झाला. जोडपं एकमेकांना चिकटून उभं राहिलं, मुलगी आणि फोटोवाला काठानं पुढे गेले. सगळ्यांची तोंडं उजेडाकडे होती. शिट्टीबाई सूर्याला पाठ करून नणंदेसमोर उभी राहिली आणि तिनं तोंडावरचं फडकं सोडलं.

"ओळखलंत का, वन्सं?"

नणंदेनं हिला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "तू होय. वाळलीस. आणि हे काय, हमाली करतेस?"

"दोष कुणात होता?"

"कसला दोष?"

"मी बाकावर बसले होते आणि तुम्ही आत गेला होतात. डॉक्टर काय म्हणाले?"

"आता ते उकरून काय मिळणार आहे? बाजूला हो, सूर्य बघू दे."

"सूर्य उद्याही आहे. दोष कुणात होता?"

नणंदेनं मुलगी कुठे आहे ते पाहून घेतलं. "त्याच्यात," ती म्हणाली, गिऱ्हाइकाला मशीनचा कुठला भाग गेलाय ते सांगावं तशी. "मग काय, भावाला चव्हाट्यावर आणायचं होतं? पुरुषाचं नाव एकदा गेलं की गेलं. तू काय, परक्याची पोर. तुला माहेर होतं."

"माहेर," शिट्टीबाई म्हणाली.

त्या जागी काठ अरुंद आहे. पलीकडे सरळ उतार, आणि उताराच्या तळाशी धूर. एक धक्का पुरेल, हे दोघींना एकाच वेळी सुचलं असावं, कारण नणंद काठी टेकत मागे सरली आणि शिट्टीबाईनं दोन्ही हात कोटाच्या खिशांत घातले. ते तिनं बराच वेळ बाहेर काढले नाहीत.

उतरताना व्हायचं ते झालंच. राखेचा उतार टाच रोवून उतरायचा असतो, हे ती चढतानाच दोनदा ओरडून सांगून चुकली होती. पण नणंदेनं आजवर कुणाचं ऐकलं होतं? ती आडवी पावलं टाकत आली, घसरली आणि घोटा मुरगाळून बसली. निवारा खाली दिसत होता, वाट सरळ होती. शिट्टीबाईनं बाकीच्यांना तिथे जाऊन थांबायला सांगितलं. मुलगी तेवढी राहिली.

घोटा बघता बघता टम्म फुगला. शिट्टीबाईनं तो चाचपला, फडक्यानं आवळून बांधला. हाड मोडलं नव्हतं.

"उचल आता," नणंद म्हणाली.

"उचलते. पण खाली गेल्यावर गाडीत नाही बसायचं. आधी माझ्या भावाच्या घरी यायचं. मघाशी मला जे सांगितलंत ते माझ्या वहिनीसमोर सांगायचं."

"डोकं फिरलंय तुझं."

"मग बसा." आणि शिट्टीबाई समोरच्या दगडावर बसली. तिनं पाण्याची बाटली काढली आणि सावकाश पाणी प्यायली.

"आत्या, काय सांगायचंय?" मुलगी म्हणाली. "तुम्ही ओळखता का एकमेकींना?"

शिट्टीबाई बाटलीचं झाकण लावत म्हणाली, "मी तुझ्या बाबांची पहिली बायको. मूल होत नाही म्हणून मला घालवली. दोष माझ्यात आहे असं हिनं सांगितलं, आणि माझ्या माहेरच्यांनीही तेच धरलं."

"बाबांची पहिली बायको आजारपणात गेली," मुलगी म्हणाली. "आत्यानंच सांगितलंय."

"मेले होय मी?" शिट्टीबाई म्हणाली. "हे नवीन ऐकलं."

ऊन चढू लागलं होतं. वारा फिरला आणि वरचा धूर उतारावर यायला लागला. नणंद खोकू लागली. तिनं आधाराला हात वर केला, भाचीकडे. मुलीनं तो धरला नाही. ती आत्याकडे, अनोळखी माणसाकडे बघावं तशी बघत होती.

"आत्या, उठायचं असेल तर हो म्हण," ती म्हणाली.

"दोघी मिळून म्हातारीला खा," नणंद म्हणाली. आणखी एकदा खोकून झाल्यावर म्हणाली, "बरं. सांगेन."

मग शिट्टीबाईनं तिचा हात आपल्या खांद्यावर घेतला. उतारभर दोघींची तोंडं चालूच होती. "हळू चाल, माझी हाडं मोडशील." "मोडली तर मलाच वाहावी लागतील, म्हणून हळूच चालतेय." "घामाचा वास येतोय तुला." "तुमचंच ओझं आहे, वन्सं." निवाऱ्यात वाट बघत बसलेल्या जोडप्यानं या दोघींना येताना पाहिलं आणि एकमेकांचा हात सोडला.

वहिनी स्वयंपाकघरात घेवड्याच्या शेंगा मोडत बसली होती. भाऊ चहा पीत होता. राखेनं माखलेल्या तिघीजणी दारातून आत आल्या तशी वहिनी म्हणाली, "पाय पुसा आधी." शिट्टीबाईनं खुर्ची ओढली, नणंदेला बसवलं आणि भिंतीला टेकून उभी राहिली.

नणंद समोरच्या कपाटाकडे बघत एका दमात बोलली. "हिच्यात काही दोष नव्हता. आमच्या भावात होता. आम्हाला तेव्हाच माहीत होतं. हिला खोटं सांगितलं. झालं समाधान?"

भाऊ म्हणाला, "आता जे झालं ते झालं," आणि त्याच्याकडे कोणी बघितलं नाही.

"मला काय माहीत," वहिनी म्हणाली. "मला जे सांगितलं ते मी धरलं."

"धरलंत, आणि एक दिवस सोडलं नाहीत."

"मग आता काय, पाया पडू?"

"नको," शिट्टीबाई म्हणाली. "वाकाल, कंबर धरेल आणि तेही माझ्याच नावावर घालाल."

नणंदेला गाडीत बसवायला भाऊ आणि लॉजवाला दोघे लागले. मुलगी पुढे ड्रायव्हरशेजारी जाऊन बसली. जाताना तिनं शिट्टीबाईचा फोन नंबर मागून घेतला.

त्याच आठवड्यात शिट्टीबाईनं मागची खोली सोडली आणि बस थांब्याजवळ चपला शिवणाऱ्याच्या दुकानावरची खोली घेतली. भाऊ म्हणाला, आता तर पुढची खोली देतो. ती म्हणाली, तिथे पोती ठेवा. वहिनीनं गावभर सांगायला सुरुवात केली की आमच्या नणंदेला सासरच्यांनी कसं फसवलं आणि आम्ही तिला कसं फुलासारखं सांभाळलं. हे शिट्टीबाईच्या कानावर पिठाच्या गिरणीत आलं. रांगेत उभ्या बायकांसमोर तिनं फूल कुठे ठेवलं होतं, ते कांद्याच्या पोत्यांसकट सांगितलं. त्यानंतर वहिनी तिला रस्त्यात बघितलं की बाजू बदलू लागली. शिट्टीबाईला ते सोयीचंच होतं.

पुढे एका दुपारी फोन वाजला. ती नुकतीच डोंगरावरून येऊन भात टाकत होती. पलीकडे मागे कुठेतरी मशीनची खडखड ऐकू येत होती, मग ती थांबली.

"बोला," ती म्हणाली.

"पोरीनं नंबर दिला," तो म्हणाला. "मला तेव्हा बोलायला हवं होतं."

"हो."

"मी रोज..."

"ते मला नका सांगू," ती म्हणाली. "पोरीच्या आईला सांगा. तिच्याशी तरी घरात कोणी खरं बोललं, असं होऊ दे."

तिनं फोन ठेवला. भात खाली लागला होता. तिनं वरचा चांगला काढून घेतला, जेवली, आणि लागलेलं पातेलं भिजत घालून आडवी झाली.