मास्तर ‘पानी’ म्हणाले

संकटाची सूचना इतक्या सुंदर मराठीत देणारा, आणि त्या सौंदर्यापायी एकाही माणसाला जागचा न हलवणारा पुरुष आमच्या धाकट्या दिरांखेरीज या भूतलावर दुसरा झाला नसेल. भावोजी मराठीचे मास्तर. निवृत्त झाल्यावर गणपती मंडळाने आपला कर्णा त्यांच्या हवाली केला, आणि पावसाळ्यात सरकारी कचेरीतून पुराचा लेखी इशारा आला की तो रिक्षाला बांधून ते वसईतल्या आमच्या गावात फिरू लागले. पण आला इशारा की निघाले, तर ते भावोजी कसले! आधी लाल पेन काढून त्यातलं शुद्धलेखन तपासायचं. एकदा एका वेलांटीवरून स्वतःशीच वाद घालून ते बाहेर पडेपर्यंत लख्ख ऊन पडलं होतं. मी हसले, तर म्हणाले, “वहिनी, पुराने घर बुडतं. अशुद्धलेखनाने पिढी बुडते!”

मग कर्ण्यातून सुरू व्हायचं, “सुज्ञ नागरिकहो! सखल भागातील रहिवाशांनी सतर्कता बाळगून सुरक्षित स्थळी स्थलांतर करावे!” आता आपण सखल भागात राहतो हे कोण कबूल करील? आमची मिठागराकडची आळी म्हणायची, सखल म्हणजे वाडीतले. वाडीतले म्हणायचे, सखल म्हणजे तिकडे पूर्वेला, एव्हरशाईन सिटीवाले. आणि मी? मी तेव्हा पन्नाशीतली, शहरात शिकल्याचा तोरा अजून न उतरलेली बाई. भर रस्त्यात रिक्षा अडवून मी दिरांना ऐकवलं, “भावोजी, सखल कुणाला म्हणता? मामंजींनी उंच जोतं बांधलंय आपलं!” ते उंच जोतं गावातल्या सगळ्यात खोल आळीत आहे, ही किरकोळ बाब माझ्यासारख्या विदुषीच्या ध्यानात कशी यावी!

आळीत सगळे ‘पानी’ म्हणतात. त्या ‘न’शी भावोजींनी उभा जन्म लढाई केली. आमची शेजारीण हौसा त्यांच्याच वर्गात शिकलेली. तिने प्यायला तांब्या पुढे केला की हे हात मागे घ्यायचे.

“काय आणलंस?”

“पानी, मास्तर.”

“काय आणलंस?”

“तहान लागली नाय वाटतं तुमाला,” म्हणून हौसा तांब्या परत न्यायची, आणि भावोजी कोरड्या घशाने, पण ताठ मानेने घरी यायचे.

एका वर्षी पावसाने झड लावली. दुपारी मोठी भरती होती आणि खाडी फुगलेली. भावोजी सकाळपासून फेऱ्या मारत होते, आणि आम्ही बायका हौसाच्या ओटीवर सुके बोंबील निवडत होतो. आत हौसाचा नवरा अंथरुणाला खिळलेला. त्याला हलवायचं तर चार धडधाकट माणसं लागत. घरात पाणी शिरल्यावर ते जमणार नव्हतं, हे आम्हाला कळत होतं, आणि तरी आम्ही बसलो होतो. “सुज्ञ नागरिकहो” करत रिक्षा पुढे गेली. हौसा म्हणाली, “मास्तरांचा आवाज आज काय गोड लागलाय!” सगळ्यात मोठ्याने मीच हसले.

रिक्षा आळीच्या टोकाला, मिठागराच्या बांधापाशी पोचली असेल. कर्ण्यात नुसती खरखर झाली. मग असा एक आवाज आला, जो आम्ही कुणी कधी ऐकला नव्हता.

“पानी आलं! बांध फुटला! हौसे, नवऱ्याला उचल! पानी आलं, पानी!”

हौसाच्या मांडीवरचं सूप खाली पडलं. “मास्तर पानी म्हनाले,” ती पुटपुटली. आणि मग ओरडलीच, “अगो, मास्तर पानी म्हनाले!”

ही बातमी आळीभर पाण्याच्याही आधी पोचली. हौसाच्या नवऱ्याला खाटेसकट उचलून शाळेच्या माडीवर नेलं. आळीत माणूस उरला नाही. मामंजींचं उंच जोतं बुडताना मी माडीवरून पाहिलं. दागिने घरात, कागदपत्रं घरात; घरी धावत जाऊन मी उचलून आणला होता तो टीव्हीचा रिमोट.

कुणी आभार मानायला आलं की भावोजी ओशाळायचे. “भीतीने जीभ घसरली हो,” म्हणायचे. पुढच्या पावसाळ्यात पंचाईतच झाली. रिक्षा दिसली की हौसा दारातून विचारायची, “मास्तर, आज पाणी का पानी?” ‘पाणी’ असेल तर कुणी उठायला तयार नाही. मी सुचवलं, म्हणून टाका की रोज ‘पानी’. भावोजींना ते पटलं नाही. “वहिनी, मी खोटं अशुद्ध बोलणार नाही.”

आता ते एव्हरशाईन सिटीत मुलाकडे असतात, खूप वरच्या मजल्यावर. इशारे आता मोबाईलवर किंचाळत येतात आणि लोक ते अंगठ्याने पुसून टाकतात. जोराचा पाऊस लागला की मला भावोजींचा फोन येतो.

“वहिनी, कुठवर आलं?”

“पायरीला लागलंय.”

“घाबरलात का?”

पूर्वी मी ‘छे!’ म्हणायचे. मग ते खालच्या आवाजात ‘बरं’ म्हणून फोन ठेवून द्यायचे. म्हणून हल्ली मी “हो, घाबरले,” म्हणते. लगेच त्यांच्या आवाजात मास्तर शिरतो. “मग उशीर करू नका, निघा बरं!”

जन्मभर त्यांचं एक न ऐकलेली मी पिशवी उचलते आणि खरंच निघते. बहुतेक वेळा पाणी काही चढत नाही. शाळेच्या माडीवर मी एकटीच बसून असते.